रूनस्केप: तुमचा आवडता काळ कोणता, आणि कुठल्या नियमामुळे?

सुकाणू (रत्नागिरी)

रूनस्केप हा ऑनलाइन खेळ खेळणाऱ्या आपल्या किनारपट्टीवरच्या लोकांमध्ये हा विषय पावसाळा लागला की निघतोच, आणि दर वेळी "तेव्हाची मजाच वेगळी" इथे येऊन अडतो. या धाग्यात तेवढ्यावर भागणार नाही. काळ सांगा, आणि तो काळ कुठल्या नियमामुळे किंवा यंत्रणेमुळे वेगळा होता तेही सांगा.

सोयीसाठी टप्पे देतो. मूळ खेळ ४ जानेवारी २००१. रूनस्केप टू २९ मार्च २००४. ग्रँड एक्स्चेंज (खेळातला सामायिक, आपोआप सौदे जुळवणारा बाजार) २६ नोव्हेंबर २००७, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १० डिसेंबरला, जुनं वाइल्डरनेस (जिथे खेळाडू एकमेकांना मारू शकत तो भाग) आणि खुला व्यापार बंद. एव्होल्यूशन ऑफ कॉम्बॅट, म्हणजे लढाईची नवी पद्धत, २० नोव्हेंबर २०१२. ओल्ड स्कूल, म्हणजे जुन्या खेळाची वेगळी चालवलेली आवृत्ती, २२ फेब्रुवारी २०१३. ग्राफिक्स बदलल्याच्या तारखा मुद्दाम घेतलेल्या नाहीत. झाडाचा बुंधा चौकोनी दिसतो की गोल, याने खेळ बदलत नाही. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते आणि मेल्यावर काय काय जातं, यानेच बदलतो.

माझं मत २००५ ते नोव्हेंबर २००७ या काळाला. कारण एकच: बाजार माणसांचा होता. फुकट जगांत (जग म्हणजे खेळाचा एक सर्व्हर) वॅरॉक शहरातल्या पश्चिमेच्या बँकेसमोर, पैसे भरणाऱ्या सभासदांच्या जगांत फॅलाडॉर शहरात, माणसं उभी राहून ओरडत विकायची. ओरडणं म्हणजे डोक्यावर पिवळी अक्षरं. ती लक्षात यावीत म्हणून वाक्याआधी "फ्लॅश२:" किंवा "वेव्ह:" टाइप करायचं, म्हणजे रंग बदलायचा, अक्षरं लाटेसारखी हलायची. सरासरी भाव खेळात कुठेच लिहिलेला नसायचा. त्यामुळे एकाच वेळी दोन जगांत यू लाकडाचे दोन भाव असत, आणि घाऊक घेऊन सुटं विकणाऱ्याला फरक सुटायचा. तो फरक म्हणजे बँकेसमोर उभं राहून घालवलेल्या वेळाची मजुरी होती.

फसवणूकही त्यातच होती. व्यवहाराच्या पहिल्या पडद्यावर खरी वस्तू ठेवायची, बोलण्यात गुंतवायचं, ती काढून तशीच दिसणारी स्वस्तातली ठेवायची. म्हणूनच दुसरा पडदा आला, ज्यावर दोन्ही बाजूंच्या वस्तू नावानिशी लिहून येतात. आजही चित्र बघू नका, दुसऱ्या पडद्यावरचं नाव आणि नग वाचा.

बांगडा९९ (मालवण)

सुकाणूदादा, तुमचा बरोबर आसा, पण बाजार त्याच्याय आधी होतो. माका विचारशात तर क्लासिक, म्हणजे मूळ खेळ, २००१ ते २००४. पुढचा सगळ्यांक कळाक व्हया म्हणान नेहमीच्या मराठीत लिवतंय.

क्लासिकमध्ये पिशवीत ३० जागा होत्या, २८ नव्हेत. बँक नोट (वस्तूंऐवजी एकाच जागेत रचता येणारी चिठ्ठी) नव्हती. म्हणून ड्रेनर या खेळातल्या गावात खेळाचीच पात्रं उभी असत, ज्यांना ५ लॉबस्टर दिले की १ सर्टिफिकेट मिळायचं. पिशवीभर ३० लॉबस्टरांची ६ सर्टिफिकेटं, आणि ती एकाच जागेत रचली जायची. मोठा व्यवहार सर्टिफिकेटांतच व्हायचा, म्हणून ड्रेनर हे बाजाराचं गाव झालं. नोटा आल्या आणि ड्रेनरचं ते महत्त्व गेलं. नियम बदलला की गावं उठतात, ती अशी.

लढाईचे नियम तर पार वेगळे. पहिल्या तीन फेऱ्या होईपर्यंत मागे हटता यायचं नाही, आणि लढाई चालू असताना खाताही यायचं नाही. म्हणजे आधी हिशोब करून उतरायचं: समोरच्याचा तीन फेऱ्यांचा जास्तीत जास्त मार आपल्या अंगात मावतो का? मावत नसेल तर हात लावायचा नाही. तीन फेऱ्या झाल्या की पळा, खा, परत या. रूनस्केप टूमध्ये लढता लढता खाता यायला लागलं आणि सगळी लढाई पिशवीत किती शार्क (खाऊन जीव भरून काढायचे मासे) आहेत यावर आली.

थकव्याचा नियम २००२ मध्ये आला. काम करत गेलात की थकवा टक्क्यांनी चढायचा, १०० झाला की अनुभव मिळणं बंद. मग स्लीपिंग बॅगवर क्लिक करून चित्रात वेडावाकडा दिसणारा शब्द टाइप करायचा. बॉट (माणसाऐवजी खेळणारे प्रोग्रॅम) अडवण्यासाठी ते होतं. लोकांनी शिव्या घातल्या, पण हेतू खरा होता.

क्लासिकचे अधिकृत सर्व्हर ६ ऑगस्ट २०१८ ला बंद झाले. आता कोणी "क्लासिक चालू आहे" म्हणून दुवा पाठवला तर तो खाजगी सर्व्हर असतो. तिथे खऱ्या खात्याचा पासवर्ड कधीच वापरू नका.

केवडा (अलिबाग)

दोघांनी २००७ नंतरचं सगळं एका वाक्यात उडवून लावलंय, ते मान्य नाही. २००८ ते २०११ हा खेळाचा सगळ्यात भरलेला काळ आहे, आणि तोही नियमांमुळेच.

समनिंग घ्या, म्हणजे सोबतीला प्राणी बोलावण्याची कला, १५ जानेवारी २००८. प्राणी बोलावण्याचा पाऊच बनवायला चार गोष्टी लागत: रिकामा पाऊच, चार्म, स्पिरिट शार्ड आणि त्या प्राण्याची खास वस्तू. पहिल्या स्पिरिट वुल्फला १ सोनेरी चार्म, ७ शार्ड आणि लांडग्याची हाडं. शार्ड दुकानात २५ नाण्यांना मिळायचे, पण चार्म कोणाला विकताच यायचा नाही. इथेच खरी गंमत आहे. तेव्हा व्यापाराला वेसण होती, पैसा इकडून तिकडे सहज जात नव्हता, आणि अशा वेळी खेळाने अशी कला दिली की जिचा कच्चा माल स्वतःच लढून मिळवावा लागे. श्रीमंत मित्र असून उपयोग नाही. किरमिजी आणि निळे चार्म कुठला राक्षस जास्त टाकतो याचे तक्ते लोकांनी याच काळात बनवले. बक्षीसही तसंच होतं: वॉर टॉर्टॉइज १८ जागांचं ओझं न्यायचा, पॅक याक ३०. बॉसपाशी किती वेळ टिकाल हे पिशवीतल्या शार्कांवर नाही, सोबतच्या प्राण्यावर ठरायला लागलं.

डंजनियरिंग, म्हणजे भुयारं पार करण्याची कला, १२ एप्रिल २०१०. आत जाताना बाहेरचं काहीही न्यायचं नाही. ९९ वाला आणि ४० वाला दोघं रिकाम्या हातांनी उतरतात, आतच लाकूड तोडतात, धातू वितळवतात, स्वयंपाक करतात. जास्तीत जास्त ५ जणांचा गट. केऑटिक रेपियर या तलवारीला भुयारात मिळणारी २,००,००० टोकन लागत, शिवाय अटॅक ८० आणि डंजनियरिंग ८०. ते टोकन विकत मिळत नव्हते. म्हणजे ज्याच्या हातात केऑटिक दिसलं त्याने ते मिळवलेलंच असणार, हे बघणाऱ्याला कळायचं. तुमच्या २००६ च्या बाजारात खऱ्या पैशाने सोनं (खेळातली नाणी) विकत घेऊन कोणीही कोणताही हॅट घालून फिरू शकत होतं.

आणि क्वेस्ट, म्हणजे कथेच्या मोहिमा! "व्हाइल गुथिक्स स्लीप्स" २००८ मधलं. एवढी अट असलेलं, एवढ्या पात्रांना एकत्र आणणारं क्वेस्ट आधी नव्हतं.

तिवर (आचरा)

केवडाताई, समनिंगबद्दल पूर्ण सहमत. पण १० डिसेंबर २००७ ला काय झालं आणि का, हे नीट मांडायला हवं, कारण नवे लोक समजतात की कंपनीला मारामारी नको होती म्हणून वाइल्डरनेस काढलं.

साखळी अशी होती. बॉट सोनं गोळा करायचे. त्यांच्या सभासदत्वासाठी चोरीची क्रेडिट कार्डं वापरली जायची, मग खरे कार्डधारक बँकेकडे तक्रार करायचे आणि कंपनीला ते पैसे परत करावे लागायचे. हे तोडायचं तर खऱ्या पैशाने सोनं विकणं अशक्य करायला हवं, म्हणजे फुकटात वस्तू दुसऱ्याला देण्याची प्रत्येक वाट बुजवायला हवी. असमान व्यवहार ही पहिली वाट. तिथे पंधरा मिनिटांत फरक किती, यावर मर्यादा आली. जमिनीवर टाकून दुसऱ्याने उचलणं ही दुसरी. आणि तिसरी वाट म्हणजे वाइल्डरनेस: विकणाऱ्याने सोनं घेऊन आत जायचं आणि घेणाऱ्याच्या हातून मुद्दाम मरायचं. पहिल्या दोन बुजवून तिसरी उघडी ठेवली असती तर उपयोग शून्य. म्हणून तिन्ही एकदम गेल्या, आणि प्रामाणिक व्यवहार चालू राहावा म्हणून ग्रँड एक्स्चेंज आधी आणून ठेवलं होतं.

हा कारणमीमांसेचा भाग खरा आहे याचा पुरावा नंतर मिळाला. लोकांच्या मतानंतर १ फेब्रुवारी २०११ ला दोन्ही परत आलं आणि त्याच वर्षी बॉट इतके माजले की ऑक्टोबरात एका दिवसात घाऊक बंदी घालावी लागली.

जुन्या वाइल्डरनेसचा नियम माहीत नसलेल्यांसाठी: वाइल्डरनेसची पातळी जितकी, तितक्या लेव्हलच्या फरकाने हल्ला करता येतो. तुम्ही ८० लेव्हलचे आणि २० व्या पातळीत उभे, तर ६० ते १०० वाला कोणीही तुमच्यावर येऊ शकतो. २० च्या वर साधं टेलिपोर्ट चालत नाही, ग्लोरी ही टेलिपोर्टची माळ ३० पर्यंत चालते. मेलात तर सगळ्यात महाग ३ वस्तू राहतात, प्रोटेक्ट आयटम ही प्रार्थना लावली तर ४. आधी तुम्ही कोणावर हल्ला करून डोक्यावर कवटी घेतली असेल तर ० आणि १. हे नियम ओल्ड स्कूलमध्येही तेच आहेत, पाठ करून ठेवा. नेहमीची चूक अशी की माणूस ३ वस्तू मोजतो आणि कुठल्या ३ ते मोजत नाही. तुमच्या मते मोलाची आणि खेळाच्या भावाने महाग, या वेगळ्या असू शकतात. बँकेतून निघण्याआधी "मेल्यावर काय राहील" हा पडदा उघडून बघा.

आणखी एक. ओल्ड स्कूल म्हणजे २००७ नव्हे. ते ऑगस्ट २००७ च्या साठवणीतून उभं केलं. गॉड वॉर्स डंजन हे बॉसचं भुयार मूळ खेळात आलं २८ ऑगस्ट २००७ ला, म्हणजे त्या साठवणीनंतर. म्हणून ओल्ड स्कूल सुरू झालं तेव्हा ते नव्हतंच. मतदान घेऊन २०१३ च्या ऑक्टोबरात आणलं. ग्रँड एक्स्चेंजही २०१५ पर्यंत नव्हतं. सुकाणूंना हवा असलेला हाताचा बाजार २०१३ ते २०१५ या दोन वर्षांत परत जगला, फक्त या वेळी खेळाबाहेरच्या संकेतस्थळांवर भाव लागत होते, त्यामुळे जगाजगांतला फरक उरला नाही. माहिती पसरली की बाजार सपाट होतो. तो काळ परत आणता येत नाही, याचं कारण खेळात नाही, बाहेर आहे.

देवगडकर

एव्होल्यूशन ऑफ कॉम्बॅटच्या बाजूने कोणीच बोलत नाही म्हणून थोडक्यात. ते आलं तेव्हा बेसिक अॅबिलिटीने, म्हणजे साध्या चालीने, अॅड्रेनलिन (मोठ्या चालींसाठी साठणारी शक्ती) ८% वाढायचं. थ्रेशोल्ड या मधल्या चालीला ५०% असावं लागायचं आणि १५% खर्च व्हायचं. अल्टिमेट या सगळ्यात मोठ्या चालीला १००%. दोन अॅबिलिटींमध्ये १.८ सेकंद, म्हणजे खेळाच्या घड्याळाचे ३ ठोके (टिक). एवढं डोक्यात बसलं की लढाई वाचता येते, आणि २०१६ चा टेलॉस हा बॉस, ज्याचा एनरेज (चवताळणं, म्हणजे कठीणपणा) तुम्ही जिंकत गेलात की वाढत जातो, तो या यंत्रणेशिवाय शक्यच नव्हता. चूक कुठे झाली, तर एका रात्रीत सगळ्यांवर लादलं. लेगसी मोड, म्हणजे जुन्या पद्धतीने लढण्याची सोय, दिला २०१४ च्या जुलैमध्ये, तोवर लोक ओल्ड स्कूलला निघून गेले होते. यंत्रणा चांगली होती, आणण्याची पद्धत वाईट होती.

गुहागरी

धागा वाचून खेळायला घेतोय. दोन प्रश्न. १) आज खेळून जुन्या काळाची चव कशी घ्यावी? २) इकडे जून ते सप्टेंबर लाइट आणि नेट दोन्हीचा भरवसा नाही. मोबाइलवर निभेल का?

तिवर

दुसऱ्याचं आधी. खेळ ०.६ सेकंदाच्या टिकवर चालतो. तुमची क्लिक सर्व्हरला पोचते ती पुढच्या टिकला मोजली जाते. त्यामुळे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) १५० असो की २००, स्थिर असेल तर फरक जाणवत नाही. त्रास होतो तो पिंग उड्या मारतं तेव्हा, कारण मग एखादी क्लिक एक टिक उशिरा पडते. जगांच्या यादीत आधी ब्रिटन आणि जर्मनीची जगं करून बघा. आपल्याकडून अमेरिकेपेक्षा ती सहसा जवळ पडतात.

लाइटसाठी राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा. फायबर असेल तर घरात एका पेटीऐवजी दोन पेट्या असू शकतात, ओएनटी (फायबरची तार जिथे येते ती पेटी) आणि राउटर. दोन्हींना पुरवठा हवा, नाहीतर वायफाय दिसतं आणि नेट नसतं. अॅडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच यूपीएस घ्या. विजा कडाडायला लागल्या की तांब्याची केबल आणि प्लग काढून मोबाइल डेटावर जा. खेळाला डेटा फारच थोडा लागतो.

लढाईत असताना नेट गेलं तर पात्र लगेच बाहेर पडत नाही, उभं राहून मार खातं. म्हणून आभाळ भरलेलं असताना बॉस नको. मासेमारी, लाकूड, स्वयंपाक करा. हार्डकोर आयर्नमॅन (कोणाशी व्यवहार न करता, एकदाही न मरता खेळायचं खातं) तर पावसाळ्यात सुरूच करू नका; नेट गेल्यामुळे आलेलं मरणही मरणच धरतात, दर्जा जातो तो परत मिळत नाही.

ओल्ड स्कूलची मोबाइल आवृत्ती ३० ऑक्टोबर २०१८ पासून आहे, खातं आणि जग तेच. क्लिक अचूक लागणाऱ्या गोष्टी सोडून सगळं होतं. उदाहरणार्थ तीन टिकची बार्बेरियन मासेमारी: स्वच्छ ग्वाम (एक वनस्पती) स्वॅम्प टारवर (दलदलीतलं डांबर) लावायचं (खलबत्ता पिशवीत हवा), लगेच माशांच्या जागेवर क्लिक, आणि हे दर ३ टिकला, म्हणजे १.८ सेकंदाला. एरवी त्याच कामाला ५ टिक जातात. संगणकावर हात बसतो. फोनवर, तेही हेलकावणाऱ्या नेटवर, ताल चुकतो आणि साध्या मासेमारीपेक्षाही कमी मिळतं.

सुकाणू

पहिल्या प्रश्नाचं माझ्याकडे. ओल्ड स्कूलमध्ये नवं खातं काढा, आधी टू-स्टेप ऑथेंटिकेटर लावा. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले "फिक्स्ड" करा; ती ७६५ बाय ५०३ पिक्सेलची जुनी चौकट आहे. नकाशाचा तुकडा लहान दिसतो, आणि वाइल्डरनेसमध्ये पांढरा ठिपका काठावर येईपर्यंत माणूस दिसत नाही. ती भीती मोठ्या पडद्यावर येत नाही. अधिकृत क्लायंट वापरा. रूनलाइट (बाहेरच्यांनी बनवलेला, जास्तीच्या सोयी देणारा क्लायंट) हवाच असेल तर त्यातलं ग्राउंड आयटम्स, क्वेस्ट हेल्पर आणि टाइल मार्कर बंद ठेवा.

मग बाजार. ग्रँड एक्स्चेंज वापरायचं नाही असं एकट्याने ठरवलं तर ते टिकत नाही, कारण समोर विकणारा कोणी उभाच नसतो. यावर खरा उपाय ग्रुप आयर्नमॅन, २०२१ पासून आहे. २ ते ५ जण, बाहेरच्यांशी व्यवहार बंद, आपसात खुला, आणि एक सामायिक साठा. एकाने खाण, एकाने भट्टी, एकाने मासे, एकाने रून असं वाटून घेतलं की "तुझ्याकडे कोळसा आहे का" हा प्रश्न परत जिवंत होतो. २००५ ला बँकेसमोर हेच चालायचं, फक्त हजारो लोकांत.

एक चूक टाळा. सगळे मिळून एकच कला वाढवू नका. ९९ ला १,३०,३४,४३१ अनुभव लागतो आणि ९२ ला ६५,१७,२५३, म्हणजे ९२ ला तुम्ही अर्ध्यावर असता. पाच जणांनी पाच कला ७० ला नेल्या तर गटाचं सगळं भागतं. एकाने एक ९९ ला नेली तर बाकीचे त्याच्या वाटेकडे बघत बसतात.

रापण (वेंगुर्ला)

या धाग्यात आजच्या काळाचं कोणी नाव घेत नाही. माझा आवडता काळ आत्ताचा, १९ नोव्हेंबर २०२५ पासूनचा. ओल्ड स्कूलमध्ये सेलिंग, म्हणजे जहाज चालवण्याची कला, आली त्या दिवसापासून.

सुकाणूंच्याच कसोटीवर सांगतो: माल कसा हलतो? २००७ ला धावण्याची शक्ती संपली की चालत जावं लागे, म्हणून अंतराला किंमत होती. पुढे स्टॅमिनाची औषधं आली, टेलिपोर्ट वाढले, आणि गिलिनॉरचा (खेळातल्या दुनियेचा) नकाशा बँकेच्या दारांपुरता उरला. सेलिंगमधलं बंदराचं काम बघा. खोकी एका बंदरातून उचलायची, जहाजात ठेवायची आणि दुसऱ्या बंदरात उतरवायची. टेलिपोर्टने जात नाहीत. मग मार्ग आखावा लागतो, एका फेरीत दोन-तीन कामं एकाच दिशेची घ्यावी लागतात, रिकामं जहाज परत आणणं म्हणजे नुकसान. नव्या लोकांची चूक हीच, पाटीवर दिसेल ते काम उचलतात आणि उलटसुलट फिरतात. आधी पाटी पूर्ण वाचा, एका बाजूची कामं घ्या, त्या बाजूच्या बंदरावर परतीची कामं बघा.

सुरुवात पोर्ट सरिमला "पँडेमोनियम" या क्वेस्टने होते. जहाज आधी राफ्ट (तराफा), मग स्किफ (छोटी होडी), मग स्लूप (मोठं शिडाचं जहाज). जहाजाचा सांगाडा लाकडाचा बांधायचा: साधं, ओक, टीक, महोगनी, पुढे कॅम्फर, आयर्नवुड, रोझवुड. सुतारकाम आणि लोहारकाम मागे असेल तर जहाजही मागेच राहतं, म्हणून गटात सुतार आधी तयार करा. बुडालेल्या जहाजांचा माल आकड्याने वर काढता येतो. तो कामाचा पण संथ, पावसाळी नेटला चालण्यासारखा.

तक्रार एक आहे. वाऱ्याची झुळूक आली की शीड सारखं करायचं, वेग वाढतो, एवढंच. वारा तोंडावर असला तरी जहाज सरळ जातं. ज्याने शिडाची होडी बघितली आहे त्याला हे खटकतं, कारण वाऱ्याच्या तोंडावर जायचं तर नागमोडी जावं लागतं आणि तिथेच तांडेलाचं कसब दिसतं. तो नियम आला तर मार्ग आखण्याला आणखी खोली येईल. पुढच्या मतदानात कोणी हे मांडलं तर माझं मत नक्की.

केवडा

रापण, अंतराचा मुद्दा पटला. चार्मसारखंच आहे हे, पैशाने टाळता न येणारं काम.

पण एक भर घाला, ग्रँड एक्स्चेंजवर आता विक्रीवर कर आहे. डिसेंबर २०२१ ला १% होता, मे २०२५ पासून २%, एका वस्तूला जास्तीत जास्त ५० लाख. त्या नाण्यांतून काही वस्तू विकत घेऊन कायमच्या काढून टाकतात, म्हणून महाग वस्तूंचे भाव सावरतात. घाऊक घेऊन सुटं विकणाऱ्याने २% धरूनच फरक मोजावा. भाव एका टक्क्याने चढला म्हणून विकलं तर तोटा.

बांगडा९९

गट करूया मगे. मी मासे आणि सयपाक बघतंय. सुतारकाम रापणभाऊ घेतीत, सेलिंगाक तेचीच गरज. खाण आणि भट्टी तिवर. रून केवडाताई. गुहागरी, तुमका आवडात ती कला सांगा. पाचवी जागा तुमची. सुकाणूदादा, दुसऱ्या गटाचा तुमी बघा, देवगडकरांक धरा.

गुहागरी

शेती आणि हर्ब्लोर (औषधं बनवण्याची कला) घेतो. ट्युटोरियल आयलंडच्या (नव्यांना खेळ शिकवणाऱ्या बेटाच्या) शेवटी ग्रुप आयर्नमॅन निवडायचं ना? साधं निवडून पुढे गेलो तर?

तिवर

तिथेच निवडायचं. बेटावरून साधं खातं म्हणून उतरलात की नंतर गटात येता येत नाही, नवं खातं काढावं लागतं. निवडल्यावर "द नोड" इथे पोचाल, गट तिथेच जुळवतात. सगळ्यांनी एकाच जगात या आणि गट भरल्याशिवाय तिथून बाहेर पडू नका.